पांदण

सहाव्या महिन्याच्या भेटीत मी टाळी वाजवली,
संबोधीनं मान वळवली.
रजिस्टरात बरोबरची खूण केली मी.
निळ्या शाईची, अजून तशीच आहे.

आता कळतं, तिनं माझी सावली ऐकली होती.
दारातून ऊन येत होतं
आणि माझा हात भिंतीवर तिच्याएवढा पडला होता.

नवव्या महिन्यात विशाखाच बोलली,
"ताई, कुकरची शिट्टी झाली तरी माही पोट्टी झोपूनच रायते."
सासू म्हणे, "शांत हाय लेकरू. नजर नोका लावू."
मी तिच्या पाठीमागं स्टीलचं ताट टाकलं.
कोंबड्या उडाल्या. शेजारचं कुत्रं उठलं.
संबोधी पायाचा अंगठा चोखत राहिली.

वर्ध्याला नेलं, पहाटेच्या एसटीनं.
कपाळाला, कानामागं तारा चिकटवल्या,
झोपेतच तिच्या मेंदूला विचारलं, आवाज पोचला का?
पडद्यावरची रेघ वखरलेल्या वावरासारखी सपाट,
सगळ्यात मोठ्या आवाजाला तेवढी जराशी उचलली.

डॉक्टरीणबाई नागभीडकडच्या. सरळ बोलल्या.
"लेकरं पोटात असतानाच ऐकतात,
विहिरीत उतरलेल्या माणसाला
काठावरची बोलणी ऐकू यावी तशी.
शब्द नाही कळत, चाल कळते. मायची चाल.
हिच्या विहिरीत काही उतरलं नाही."

मग केसपेपरच्या पाठीवर एक रेघ ओढली.
"ही पांदण समजा. कानापासून मेंदूत जाणारी.
जिच्यावरून रोज बंडी जाते तिला चाकोऱ्या पडतात.
जिच्यावरून कोणीच जात नाही,
तिथं काय उगवतं?"
"तरोटा," विशाखा म्हणाली.
"हो. आणि थोड्या वर्षांनी शेजारी धुरा सरकवतो.
पांदण नकाशावरच राहते."
"शेजारी कोण?"
"डोळे."

परतीच्या गाडीत मी बोटं मोजत होते.
सहा ते नऊ. तीन महिने.
माझ्या एका खुणेनं किती तरोटा वाढवला.

विशाखा हंगामात जिनिंगला जाते.
चोवीस रेचे एकदम चालतात तिथं,
बाया तोंडानं बोलतच नाहीत.
अंगठा ओठाला, म्हणजे पाणी.
मनगटावर दोन बोटं, सुटीला किती वेळ.
मूठ कानशिलाशी, मुकादम आला.
कुण्या पोरीचं कुठं जमलं, तेही हातानंच.
सहा हंगामात ही बोली तिच्या हातांना अशी चढली
की घरीही उतरेना. सासू चिडायची,
"तोंडात कापूस कोंबला काय वं?"

आणि बाजेवरून संबोधी
ते हात बघत होती. रोज. जन्मल्यापासून.

मशीन यायला चार महिने गेले.
कॅम्प, दाखला, एका साहेबाची सही.
कानामागं तुरीच्या शेंगेएवढं काहीतरी. लावलं
आणि ती दचकली, रडली,
मग गप्प होऊन वर बघत राहिली.
टिनावर माकड चालत होतं.
आम्ही कधीचं ते ऐकणं सोडून दिलं होतं.

आता विशाखा दिवसभर बोलते.
"हे वांगं. जांभळं वांगं. याले काटे हायेत, बोट नोको लावू."
गावाला वाटतं, हिला काही लागलं.
रिकामी का असेना, बंडी हाकते ती,
त्याच पांदणीनं, दिवसाच्या शंभर खेपा.

काल भेटीला गेले.
रकाना अकरा: मूल एक तरी अर्थपूर्ण शब्द बोलते का?
संबोधीनं माठाकडं बघितलं
आणि अंगठा ओठाला टेकवला.
"पाणी," विशाखा म्हणाली.
त्या शब्दाकडं तिनं मान वळवली.
माझी सावली या खेपी माझ्या पायाखालीच होती.

मी लिहिलं, हो.

सुपरवायझर म्हणाले, "आवाज आला का? नाही ना?"
लाल पेनानं खोडलं.

रकान्यात जागा उरली नव्हती.
कडेला, उभं, निळ्या शाईनं
पुन्हा लिहिलं.